एका ओहमची किंमत

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा कोकणच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौका वर ओढून ठेवलेल्या दिसतात. कोणी तळाला रंग देत असतो, कोणी जाळी दुरुस्त करत असतो, कोणी इंजिन उघडून बसलेला असतो. अशाच दिवसांत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याच्या वडिलांची नौका चौदा मीटर लांबीची आणि बरीच जुनी. तो म्हणाला, "सर, डाव्या बाजूचा तांबडा दिवा मंद जळतो. दिवा दोनदा बदलला, बॅटरीही नवी घातली. तरी उजेड काही वाढत नाही. वितळतार तर एकदाही जळली नाही. मग दोष आहे कुठे?"

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न तुमच्या पाठ्यपुस्तकातील ओहमच्या नियमाने सुटतो. आपण तो मिळून सोडवू.

नौकेवर जाऊन पाहिले. केबिनमध्ये सुकाणूच्या चक्रासमोर एक लाकडी फळी होती. तिच्यावर तेलाच्या दाबाचा आणि तापमानाचा असे दोन मापक, खटक्यांची एक रांग आणि तिच्याखाली वितळतारा. फळी उलटी करताच मागे तारांचे जंजाळ दिसले. स्क्रूंवर हिरवट कीट चढले होते. आम्ही दिवा लावला आणि व्होल्टमापक जोडला. बॅटरीच्या टोकांशी १२ व्होल्ट होते, पण दिव्यापाशी जेमतेम १०.३ व्होल्ट. राहिलेले १.७ व्होल्ट गेले कुठे? व्होल्टमापकाची दोन टोके फळीवरील त्या दिव्याच्या मार्गाच्या दोन बाजूंना लावली, तेव्हा त्यांतले बहुतेक तिथेच सापडले.

घरात आणि नौकेत

दिवा १२ व्होल्टचा, २४ वॉटचा होता. म्हणजे त्यातून २४ ÷ १२ = २ अँपिअर प्रवाह वाहायला हवा आणि त्याचा रोध १२ ÷ २ = ६ ओहम असायला हवा. (तंतू तापला की त्याचा रोध बदलतो, पण आपल्या हिशेबापुरता तो कायम धरू. तारांचा रोधही तूर्त सोडून देऊ.)

आता समजा, कीट चढलेल्या जोडांमुळे मार्गात १ ओहम जादा रोध आला. एकूण रोध ७ ओहम झाला. प्रवाह १२ ÷ ७ = १.७१ अँपिअर. दिव्याच्या वाट्याला १.७१ × ६ = १०.३ व्होल्ट आणि जोडाच्या वाट्याला १.७१ × १ = १.७ व्होल्ट. आमच्या व्होल्टमापकाने नेमके हेच सांगितले होते.

हाच १ ओहम घरातील मंडलात घालून पाहा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या ६० वॉटच्या तंतूच्या दिव्यातून सुमारे ०.२६ अँपिअर प्रवाह जातो आणि त्याचा रोध सुमारे ८८० ओहम असतो. ८८० मध्ये १ मिळवल्याने काय फरक पडणार? पाव व्होल्ट कमी होईल आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. नौकेत मात्र ६ मध्ये १ मिळवला आहे. विद्युतदाब कमी असला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह जास्त लागतो. म्हणून लहानसा रोधही तिथे मोठा ठरतो. नौका, मोटार आणि ट्रॅक्टर यांच्या विजेच्या दोषांचे हे मूळ लक्षात ठेवा.

दीड मिनिट

"थोडा उजेड कमी झाला, एवढेच ना?" असे तुम्ही म्हणाल. दिव्याची शक्ती १.७१ × १.७१ × ६ = १७.६ वॉट झाली, म्हणजे मूळच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश. पण प्रकाश त्याहून वेगाने घटतो. तंतूचे तापमान उतरले की त्याच्या उत्सर्जनातील दृश्य प्रकाशाचा वाटा कमी होतो आणि उष्णतेचा वाढतो. विद्युतदाब १२ वरून १०.३ वर आला की तंतूच्या दिव्याचा प्रकाश सुमारे ६० टक्केच उरतो.

समुद्रावरील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू झाले. त्यांनुसार नौकेच्या डाव्या बाजूला तांबडा व उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो. समोरून येणाऱ्याला त्यावरून आपली दिशा कळते. बारा मीटर ते पन्नास मीटर लांबीच्या नौकेचे हे दिवे निदान २ सागरी मैलांवरून दिसले पाहिजेत. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. त्यासाठी दिव्याची तीव्रता ४.३ कँडेला लागते.

आपला दिवा चांगल्या स्थितीत नेमका ४.३ कँडेलाचा होता असे धरा. साठ टक्के म्हणजे सुमारे २.६ कँडेला. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात प्रकाश घटतो, शिवाय हवाही थोडा प्रकाश शोषते. दोन्ही गोष्टी धरून नियमांत जे सूत्र दिले आहे, त्यावरून हा दिवा सुमारे १.६ सागरी मैलांवरून दिसेल. म्हणजे नौका सुमारे ७०० मीटर उशिरा दिसणार. ताशी १५ सागरी मैल वेगाने येणारे मालवाहू जहाज सेकंदाला ७.७ मीटर जाते. ७०० मीटर कापायला त्याला दीड मिनिट लागते. मोठे जहाज चटकन वळत नाही व चटकन थांबत नाही. त्याच्या सुकाणूवरच्या माणसाला मिळणाऱ्या वेळेतून हे दीड मिनिट गेले. फळीमागच्या एका ओहमची किंमत ही अशी आहे.

वितळतार का झोपली?

आता दुसरा प्रश्न. इतका दोष असून वितळतार का जळली नाही? वितळतार जळते ती प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की. इथे तर प्रवाह २ वरून १.७१ अँपिअरवर उतरला! वितळतारेच्या दृष्टीने सारे आलबेल आहे. पण जोडात १.७१ × १.७१ × १ = २.९ वॉट उष्णता निर्माण होते आहे. एका लहान स्क्रूपुरत्या जागेत ही उष्णता बोटाला चटका देण्यास पुरेशी आहे. उष्णतेने धातूवर ऑक्साइड वाढते, त्याने रोध वाढतो, रोधाने आणखी उष्णता. असे हे चक्र चालू राहते आणि मागची लाकडी फळी करपू लागते. आमच्या त्या फळीवर एका स्क्रूभोवती काळे वर्तुळ होतेच.

उलट, दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर वितळतारेचेच काम असते. १.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०११५ ओहम असतो. दहा मीटर जाणारी व दहा मीटर येणारी तार धरली तर ०.२३ ओहम. दिव्यापाशी तारा चिकटल्या तर १२ ÷ ०.२३ = ५२ अँपिअर. तारेच्या प्रत्येक मीटरात ३१ वॉट, म्हणजे मीटरामीटरावर एकेक डाख देण्याची सळई पेटवल्यासारखे होईल. त्या फळीवर एका वितळतारेच्या जागी कोणी तरी तांब्याचे जाड तंतू गुंडाळले होते. तसे केले की सगळी तारच वितळतार होते. म्हणून नियम असा: वितळतार तारेला सोसेल त्यापेक्षा मोठी कधीही नसावी. ती प्रथम तारेचे रक्षण करते.

हिरवे कीट आणि कल्हई

हे कीट आले कुठून? पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे तुम्ही घरी ऐकले असेल. म्हणून भांड्यांना कथिलाची कल्हई करतात. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतील मॅग्नेशियम क्लोराइड हवेतील बाष्प ओढून घेते. त्यामुळे फळीवर बसलेले खारे तुषार पुरते वाळतच नाहीत. हा ओलसर थर वीज वाहतो. बॅटरीचा प्रवाह दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा. त्यामुळे धन बाजूच्या जोडांवरील तांबे सतत विरघळत राहते आणि हिरवे क्षार जमतात. नौकेसाठीच्या चांगल्या तारांतील तांब्याच्या प्रत्येक तंतूला कथिलाचा मुलामा असतो. आजीच्या भांड्यांची कल्हई आणि ही तार यांमागचे शास्त्र एकच!

नवा फलक

मग आम्ही जुनी फळी काढून नवा फलक बसवला. बॅटरीच्या कप्प्याचे झाकण आधी उघडले, कारण तिथे हायड्रोजन साचू शकतो. नंतर बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडले. ते इंजिनाला जोडलेले असल्यामुळे, धन टोक आधी सोडताना पाना इंजिनाला लागला तर मोठी ठिणगी पडते. प्रत्येक तार काढण्यापूर्वी तिला क्रमांकाची चिठ्ठी बांधली आणि वहीत आकृती काढली. खटके दिष्ट प्रवाहासाठी बनवलेलेच घेतले. घरातील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. दिष्ट प्रवाहाला तशी उसंत नसते. तारा फलकात शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घेतल्या. पाणी झोळावरून ठिबकते, फलकात जात नाही.

दिव्याची तारही बदलली. जुन्या तारेतच २ × ०.२३ = ०.४६ व्होल्ट जाऊ शकत होते. नौकांसाठीच्या अमेरिकन मानकात मार्गदर्शक दिव्यांना ३ टक्के, म्हणजे १२ व्होल्टला ०.३६ व्होल्ट एवढीच घट चालते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेने ती ०.२८ वर येते. एलईडी दिव्यांना प्रवाह फार कमी लागतो, म्हणून त्यांत ही घट कमी होते. पण त्याच फलकावरून पाणी उपसण्याचा पंपही चालतो, हे विसरू नये.

शेवटी दिवा लावून पुन्हा मोजले. फलकात नाव घेण्याजोगी घट राहिली नव्हती. दिवा तोच जुना होता.

करून पाहा

१. दीड व्होल्टचे दोन सेल आणि विजेरीचा छोटा दिवा यांच्या मंडलात पेन्सिलीचे शिसे घाला. शिशाची लांबी कमी-जास्त करून प्रकाश कसा बदलतो ते पाहा.

२. पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ विरघळवा. दोन सेलना जोडलेल्या तांब्याच्या दोन तारा त्यात दहा मिनिटे बुडवा. खिडकी उघडी ठेवा. बुडबुडे कोणत्या तारेवर येतात? कोणती तार झिजते? (घरातील विजेच्या प्लगशी असा प्रयोग कधीही करू नका.)

३. जोडाचा रोध १, ३, ६ आणि १२ ओहम धरून जोडात निर्माण होणारी उष्णता काढा. ती सर्वांत जास्त केव्हा होते? त्या वेळी जोडाचा आणि दिव्याचा रोध यांचे नाते काय आहे?