अनोळखी गावाचा मोह

माझे वडील सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात नाझर होते. जप्ती, ताबा, समन्स, पंचनामा या शब्दांच्या सहवासातच माझे बालपण गेले, आणि कोणत्याही व्यवहारात आधी कागद पाहावा व मग माणसाच्या गोड बोलण्यावर जावे, ही शिस्त आमच्या घरात जेवणाच्या पाटाइतकी नित्याची होती. परंतु ज्या एका निर्णयात तिची मला सर्वाधिक गरज होती, त्याच निर्णयात मी ती खुंटीला टांगली, आणि चार दिवसांच्या एका प्रवासात पाहिलेल्या मिरवणुकीवर लुब्ध होऊन राहते गाव सोडले. त्या चुकीची किंमत मी देऊन मोकळा झालो आहे. तीच किंमत दुसऱ्या कोणी पुन्हा देऊ नये एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

मी समलिंगी आहे. हे वाक्य आज मी शाई न अडखळता लिहितो, पण कॉलेजात असताना ते मनातल्या मनातही मला पूर्ण करता येत नसे. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमातून सज्ञान व्यक्तींचे खाजगीतले, संमतीचे संबंध वगळले, तेव्हा मी तीस वर्षांचा होतो, चादरी आणि टॉवेलांच्या एका कारखान्यात हिशेबनीस होतो, आणि घरी दर रविवारी एखादे ‘स्थळ’ चर्चेला येत असे. त्या वर्षी उद्यान एक्सप्रेसने मी बंगळूरला गेलो. संध्याकाळी सोलापुरात बसलेला माणूस सकाळी तेथे उतरतो, आणि त्या एका रात्रीत आपण दुसऱ्या ग्रहावर आलो की काय असे त्याला वाटावे, तसे मला वाटले. टाउन हॉलच्या दिशेने चाललेली समलिंगींची ती मिरवणूक, ढोल, रंगीत पताका, आणि आपल्यासारखी माणसे शेकड्यांनी असतात याचा डोळ्यांदेखत मिळालेला पुरावा! १९९४ पासून या शहरात ‘गुड अ‍ॅज यू’ या नावाचा समलिंगींचा एक गट नियमाने भेटतो, ही माहितीही तेव्हाच कळली. परतीच्या गाडीत मी नोकरीच्या अर्जाचा मसुदा करीत होतो.

पण खरे कारण मिरवणूक नव्हते, हे आज कबूल केले पाहिजे. खरे कारण हे होते की बंगळुरात माझ्या नात्यातले कोणी नव्हते. पुण्यात मावशी, मुंबईत दोन काका, कोल्हापुरात आत्या. महाराष्ट्रातले कोणतेही शहर घ्यावे तर तेथे माझ्यावर नजर ठेवण्याचा वंशपरंपरागत अधिकार असलेली एखादी व्यक्ती हजर. बंगळूर मात्र कोरे होते. तेथे मी कोणाचाही मुलगा, भाचा वा पुतण्या नव्हतो, आणि आमच्यासारख्या माणसाला हा अनोळखीपणा प्रथम औषधासारखाच लागू पडतो, यात संशय नाही. त्या औषधाची मात्रा किती घ्यावी हे मात्र मला कोणी सांगितले नाही, आणि मीही कोणाला विचारले नाही.

जून २०१० मध्ये मी तेथे बिऱ्हाड केले. घर पाहताना घरमालकाने पहिला प्रश्न विचारला तो भाड्याचा नव्हता. ‘फॅमिली की बॅचलर?’ हा होता. मी क्षणभरही न थांबता उत्तर दिले की लग्न ठरण्याच्या बेतात आहे. दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून ठेवण्याचा त्या शहरात तेव्हा रिवाज होता. माझी कारखान्यातली सारी शिल्लक त्यात गेली. अकरा महिन्यांचा करार मुद्रांकाच्या कागदावर टंकलिखित करून दोघांनी सह्या केल्या, आणि नाझराच्या मुलाने तो नोंदवला आहे की नाही, अनामत परत करण्याची मुदत त्यात लिहिली आहे की नाही, हे काहीही पाहिले नाही. कागदापेक्षाही महाग पडली ती थाप. दर महिन्याच्या पाच तारखेला भाडे द्यायला गेलो की मालक ‘मुहूर्त कधीचा?’ म्हणून विचारीत आणि मी एक नवी अडचण रचून सांगे. सोलापुरात जे सोंग फुकट वठवत होतो, तेच आता मी दहा महिन्यांची अनामत भरून वठवू लागलो.

घर स्वस्त मिळावे म्हणून शहराच्या पूर्वेकडे अगदी टोकाला घेतले होते, ही आणखी एक चूक. गटाची बैठक शहराच्या मध्यभागी भरे, आणि कचेरी सुटल्यावर बसने तेथे पोचेपर्यंत दीड तास जाई. परतायला पुन्हा तेवढाच. ज्या बैठकीसाठी मी गाव सोडले, तिला दोन वर्षांत सहा वेळाही गेलो नसेन. वर्षातून एकदा मिरवणुकीत तेवढा नाचायला जात असे, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कोणाचा कोणी नसे.

ऑगस्ट २०१२ मध्ये मला डेंग्यू झाला. पहिले दोन दिवस साधा ताप समजून मी पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या तांब्यापर्यंत जाण्याची ताकद उरली नाही. कचेरीने मला रजेवर धरले होते. भ्रमणध्वनीत दीडशे क्रमांक होते, आणि त्यांतल्या कोणाला ‘ये’ म्हणावे हे ठरेना, कारण त्यांतल्या अर्ध्यांना माझे खरे नाव ठाऊक नव्हते आणि उरलेल्या अर्ध्यांना माझे खरे आयुष्य. चौथ्या दिवशी दारावर थाप पडली. कोपऱ्यावर विजापूरकडच्या एका बाईंची खानावळ होती. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मिळते म्हणून मी रात्री तेथेच जेवत असे. सारे त्यांना अक्का म्हणत. ‘चार दिवस आला नाहीत, म्हणून पोराला घेऊन आले,’ एवढेच त्या सीमाभागातल्या मिश्र मराठीत म्हणाल्या, आणि त्या पोराच्या रिक्षातून मला एका खाजगी रुग्णालयात घेऊन गेल्या. साऱ्या बंगळुरात माझी अनुपस्थिती एका ताटाच्या हिशेबातून तेवढी कळली होती.

रुग्णालयाच्या दाखल-पत्रकावर ‘जवळचा आप्त’ असा एक रकाना होता. तो भरल्याशिवाय कारकून पुढे सरकेना. मी भावाचे नाव आणि सोलापूरचा पत्ता लिहिला. भाऊ येऊन पोचायला दुसरा दिवस उजाडला. आल्यावर त्याने माझी खोली आवरायला घेतली, आणि जे मी दोन वर्षे नकाशाच्या अंतराने लपवले होते ते त्याला गादीखालच्या चार पत्रांत सापडले. तो काही बोलला नाही. पण त्याने ते ज्या रीतीने वाचले, त्यापेक्षा मीच आधी सांगितले असते तर दोघांनाही बरे झाले असते. पुढच्या वर्षी एक मित्र दोन रात्री मुक्कामाला राहिला, शेजाऱ्यांनी मालकाच्या कानांवर घातले, आणि मला महिनाअखेर घर सोडावे लागले. अनामतीतले निम्मे पैसे रंगरंगोटीच्या नावाखाली कापले गेले. उरलेले निम्मे मिळायला आठ महिने लागले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा तो निवाडा फिरवला, तेव्हा मी एका सहकाऱ्याच्या हॉलमध्ये अंथरूण टाकून होतो.

यात बंगळूरला मी दोष देत नाही. त्याच शहरात सुखाने नांदणारे कितीतरी समलिंगी लोक मी जाणतो. मी ते शहर लपण्यासाठी निवडले होते, आणि जो लपतो तो आजारी पडल्यावरही लपलेलाच राहतो, एवढी साधी गोष्ट मला कळायला डेंग्यू व्हावा लागला.

२०१४ मध्ये जेव्हा पुन्हा गाव बदलण्याची वेळ आली, तेव्हा मी उलट टोकाने सुरुवात केली. मुंबईचा विचार केला नाही असे नाही. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींसाठीचे नियतकालिक काढले आणि १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला ते हे शहर. समलिंगी माणसाला सल्ला, तपासणी, सोबत यांची तेथे जितकी जुनी आणि पक्की सोय आहे तितकी महाराष्ट्रात अन्यत्र नाही. पण माझ्या पगारात तेथे घर मिळाले असते ते पुन्हा टोकालाच, आणि दीड तासाचे अंतर मैत्रीचे काय करते हे मी पाहून चुकलो होतो. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये आमच्यासारख्यांसाठी ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला होता, डिसेंबर २०११ पासून तेथेही मिरवणूक निघू लागली होती, आणि हुतात्मा एक्सप्रेसने आई चार तासांवर होती. मावशी सदाशिव पेठेतच होती, हेही खरे. पण या खेपेस मी तिला अडचणीच्या खात्यात न मांडता जमेच्या खात्यात मांडून पाहिले.

घर घेण्याआधी मी एक महिना, तोही भर जुलैत, सशुल्क पाहुणा म्हणून राहिलो. शहराची परीक्षा घ्यायची तर ती पताका लागल्या असताना घेऊ नये. पाऊस कोसळत असताना, वार मंगळवार असताना, खिशात महिनाअखेरचे पैसे असताना घ्यावी. त्या महिन्यात मी तीन गोष्टी केल्या. तिथल्या समलिंगी गटाच्या बैठकीच्या जागेपासून पायी किंवा एका रिक्षाच्या अंतरावर कोणत्या वस्त्या येतात ते पाहिले. त्या वस्त्यांतल्या गृहसंस्थांची एकट्या पुरुषांविषयीची धोरणे विचारून घेतली. काही ठिकाणी ‘बॅचलरना देत नाही’ असे स्पष्ट सांगण्यात आले. हे ऐकून वाईट वाटते, पण अनामत देण्यापूर्वी ऐकलेले बरे. आणि डॉक्टर शोधला. पहिल्या डॉक्टरांना मी खरी हकीकत सांगताच त्यांनी लग्न हाच उपाय सुचवला. मी त्यांची फी देऊन जिना उतरलो. दुसऱ्यांनी भुवईही न उचलता कोणत्या तपासण्या वर्षातून किती वेळा कराव्या ते कागदावर लिहून दिले. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने लैंगिक कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले, त्यामुळे आज असा सल्ला देणाऱ्याविरुद्ध तक्रार तरी करता येते. मानसोपचाराची गरज भासली तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई करतो, आणि नात्याबाहेरच्या माणसालाही आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू देतो.

भाड्याच्या बाबतीत महाराष्ट्रात राहणाऱ्याने एक गोष्ट गाठीला बांधावी. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, तो नोंदवण्याची जबाबदारी मालकावर असते, आणि नोंदवला नसेल तर उलट शाबीत होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. या कलमाची मला बंगळुरात फार आठवण येई. पण तेथे ते लागू नव्हते! करारात अनामत परतीची मुदत, कपातीची बाब आणि पाहुण्यांविषयीची अट, या तिन्ही गोष्टी सही करण्याआधी वाचाव्या. लग्नाची थाप मारू नये. खरे सांगण्याचे बंधन मालकापाशी कोणावरही नाही, पण ‘एकटा राहणार आहे, मित्र येत-जात राहतील’ हे वाक्य खोटेही नाही आणि त्याला दरमहा नवी जोड द्यावी लागत नाही.

नव्या गावात पहिल्या सहा महिन्यांत एकटेपणा माणसाला घाईत ढकलतो. मोबाइलवरच्या ओळखीने आलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत घरी बोलावणे, पत्ता, पगार आणि कचेरीचे नाव सांगून मोकळे होणे, हे मी स्वतः केले आहे आणि एकदा धमकी देऊन पैसे उकळणाऱ्याच्या तावडीतही सापडलो आहे. तेव्हा ३७७ कलमाच्या भीतीने मी गप्प बसलो. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर त्या भीतीला आधार उरलेला नाही. सज्ञान व्यक्तींचा संमतीचा संबंध गुन्हा नाही, खंडणी मात्र गुन्हा आहे. तेव्हा पहिली भेट चारचौघांत घ्यावी, आणि धमकी आली तर पैसे न देता संदेश जपून ठेवावे.

त्या निकालानंतर या एका बाबतीत देशभर कायदा सारखा झाला, म्हणून शहराशहरांत फरक उरतो तो घराचा, पोटाचा आणि माणसांचा. पोटाविषयी एवढेच सांगतो की नोकरी हातात आल्याशिवाय गाव सोडू नये, कारण खाजगी नोकरीत समलिंगी म्हणून कोणी डावलले तर दाद मागायला स्वतंत्र कायदा आजही नाही.

पुण्याचेही दोष आहेत. तिथल्या मिरवणुकीत मी प्रथमच मुखवटा न घालता गेलो, आणि आठ दिवसांच्या आत ती वार्ता मावशीच्या शेजारणीमार्फत सोलापुरात पोचली. डाकखात्यालाही जमणार नाही अशी ही तत्परता. आई पाच महिने माझ्याशी बोलली नाही. सहाव्या महिन्यात शेंगाच्या चटणीचा डबा घेऊन ती हुतात्माने आली, चार दिवस राहिली, आणि जाताना शेजारच्या काकूंना माझ्याकडे लक्ष ठेवायला सांगून गेली. ज्या नजरेला भिऊन मी सहाशे किलोमीटर पळालो होतो, तिचाच बंदोबस्त आता आई माझ्यासाठी करून जात होती.

गेली काही वर्षे माझा सोबती माझ्याबरोबर राहतो. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आम्हांला विवाहाचा हक्क नाकारला, म्हणून जे लग्नाच्या एका दाखल्याने झाले असते ते आम्ही चार कागदांनी करून घेतले: दोन साक्षीदारांसमक्ष सही केलेली मृत्युपत्रे, एकमेकांच्या नावे मुखत्यारपत्रे, गंभीर आजारातील उपचारांविषयी आगाऊ वैद्यकीय निर्देश, आणि संयुक्त बँक खाते, ज्याला समलिंगी जोडप्यांच्या बाबतीत कोणतीही आडकाठी नाही असे केंद्रीय अर्थखात्याने २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केले आहे. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते आणि नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे, हे वडील नेहमी सांगत. म्हणून मृत्युपत्र टाळू नये.

दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त बंगळूरला गेलो होतो. अक्कांची खानावळ आता तेथे नाही, त्या जागी मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. त्या दिवशी रुग्णालयात माझी आगाऊ रक्कम अक्कांनी गल्ल्यातल्या पैशांतून भरली होती, आणि मी ‘जवळचा आप्त’ हा रकाना भरीत असताना त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांचे नाव लिहावे हे मला सुचले नाही.