आधी गणित, मग पायथॉन

मुलीला पायथॉनचा क्लास कुठे लावू, असं विचारणारे पालक हल्ली वाढलेत. माझं उत्तर त्यांच्या पचनी पडत नाही. क्लासची फी भरण्याआधी एखाद्या शनिवारी तिला पुण्यात पायथॉन वापरणाऱ्यांच्या बैठकीला पाठवा, असं मी सांगते. अशा बैठका बहुधा एखाद्या कंपनीच्या ऑफिसात होतात, पैसे लागत नाहीत, नाव तेवढं आधी नोंदवायचं. विषय 'सायंटिफिक कम्प्युटिंग' असेल तर निम्मं डोक्यावरून जाईल. जाऊ द्या.

उरलेल्या निम्म्यात काय मिळतं? नमपाय ही पायथॉनमधल्या अशा वैज्ञानिक आकडेमोडीची पायाभूत लायब्ररी. तिच्या आठ बिटांच्या अ‍ॅरेत 200 आणि 100 यांची बेरीज करा, उत्तर येतं 44. एरर नाही, इशारा नाही. आठ बिटांत 255 च्या पुढची संख्या मावतच नाही, त्यामुळे 300 मधून 256 गळतात. नेहमीच्या फोटोतल्या ठिपक्यांची उजळता याच आठ बिटांत साठवलेली असते. फोटो उजळवायला जावं, तर नेमका लख्ख भाग काळपट होऊन बसतो. प्रोग्रॅम सुरळीत चालला, उत्तर मात्र साफ चुकलं. हे ज्याच्या लक्षात येतं, त्याला या क्षेत्रात किंमत आहे. पायथॉन लिहिणं थोड्या सरावाने जमतं. वेळ लागतो तो रेषीय बीजगणित, कलन आणि संख्याशास्त्र पक्कं व्हायला. म्हणूनच गणिताला कंटाळून 'कम्प्युटरकडे वळवू' म्हणणाऱ्या पालकांना मी इथेच थांबवते.

हे गणित पुढे कुठे लागतं, त्याचं एक उदाहरण. 2015 मध्ये लायगो या वेधशाळा प्रकल्पाने गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा टिपल्या. ती नोंद आणि ती तपासायचा पायथॉन कोड लायगोने सर्वांना खुला केला आहे. बीएस्सीची विद्यार्थिनी तो घरच्या लॅपटॉपवर चालवून पाहू शकते. लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ व्हायची आहे. पुण्यात खगोलशास्त्रासाठी आयुका आहे, मान्सूनच्या अभ्यासासाठी आयआयटीएम आहे. पण अशा ठिकाणी संशोधक व्हायचं तर एमएस्सी आणि पुढे बहुधा पीएचडी, म्हणजे बारावीनंतर दहाएक वर्षं. घरी लवकर पगार यायला हवा असेल, तर वेब डेव्हलपमेंटची वाट जवळची. त्यात कमीपणा नाही.

खर्चाची धास्ती नको. नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब या सगळ्या लायब्ररी मोफत आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतूनही धडे आहेत. तिथल्याच 'फॉसी' या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाच्या फेलोशिपवर नजर ठेवावी. निवड झाली तर प्रत्यक्ष काम करायला मिळतं, आणि मुलाखतीत क्लासच्या सर्टिफिकेटपेक्षा त्याची चौकशी जास्त होते.

बैठकीत चहाच्या वेळी मुलीने दोन-चार जणांना एवढंच विचारावं: तुमची पदवी कशात, आणि रोजच्या कामात कुठलं गणित लागतं? बाबांनी सोबत जायला हरकत नाही. पॅकेजचा विषय तेवढा त्यांनी काढू नये.