पेपर पाठ करू नकोस, सोहम

चि. सोहम यास,

काल रात्री वहिनीचा फोन आला. तू तिला म्हणालास म्हणे, "आई, मॅथ्स-टूचं टेन्शन नको, सगळे जुने पेपर सोल्यूशनसकट पाठ झालेत, तेच प्रश्न फिरून येतात." वहिनी निर्धास्त झाली, माझी मात्र झोप उडाली. अंतर्गत मूल्यमापनात 30 पैकी किती पडले, हेही तू घरात कुणाला सांगितलेलं नाहीस.

जुने पेपर सोडवू नकोस असं मी म्हणत नाही. सोडवच, पण सोल्यूशन शेजारी ठेवून नको. डबल इंटिग्रलमधलं ते ओळखीचं उदाहरण घे: ई रेज टू वाय स्क्वेअर, वाय एक्सपासून 1 पर्यंत, एक्स 0 ते 1. आहे त्या क्रमाने ते सुटत नाही. ऑर्डर बदलली की एक्स 0 ते वाय, वाय 0 ते 1, आणि उत्तर ई वजा 1, भागिले 2. हे तुला पाठ असेलच. आता पेपर काढणाऱ्याने वाय बरोबर एक्सच्या जागी वाय बरोबर टू एक्स घेतलं आणि वाय 2 पर्यंत नेला, तर? त्रिकोणच बदलला. एक्स आता 0 ते वायच्या निम्म्यापर्यंत, आणि उत्तर ई रेज टू 4 वजा 1, भागिले 4. आकृती काढणाऱ्याला हे सहज जमतं. पाठ करणारा जुनंच उत्तर लिहून मोकळा होतो. मला भीती आहे ती याचीच.

जुन्या 2019 पॅटर्नचे (अभ्यासक्रमाचे) पेपर आधी तुझ्या सिलॅबसशी ताडून बघ. सत्राअखेरच्या परीक्षेचे (एंड-सेमचे) दोन पेपर अजिबात न बघता बाजूला ठेव; 70 मार्कांचा पेपर घड्याळ लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून सोडव. चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिही: लिमिट चुकली, फॉर्म्युला आठवला नाही, की आकृतीच काढली नाही? दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा कर. काय येणार हे जुना पेपर सांगत नाही, तुला काय येत नाही ते सांगतो.

आणि अडलं की सरांना विचार. आमचे सर "शंका असेल तर या" म्हणायचे, पण मुलीने एकटीने स्टाफरूममध्ये जायचं कसं, म्हणून मी बाहेरूनच परत फिरायची. पुढे माझ्या वडिलांची, आप्पांची नोकरी गेली, एम.एस्सी. राहिलं ते राहिलंच. आप्पांना मी त्यासाठी कधी दोष दिला नाही. न विचारलेल्या शंकांची रुखरुख मात्र अजून आहे. तुला कुणी अडवलेलं नाही रे.

जास्त बोलले असेन, तर मनाला लावून घेऊ नकोस. लहानपणी माझ्या मांडीवर बसून पाढे म्हणणारा तू, म्हणूनच जीव तुटतो. हॉस्टेलवर जागरणं करू नकोस, जेवण चुकवू नकोस. विषय राहिला तर बॅकलॉग निघतो. त्यासाठी घरच्यांपासून काही लपवायची गरज नाही. दादाला मी समजावीन.

रविवारी एक पेपर सोडव आणि मला फोन कर. मार्क नको सांगूस, कुठे अडलास तेवढं सांग. आपण दोघं मिळून बसू.

तुझी,
आत्या