आधी तुकडा काढू दे

अगं, तुझ्या ह्यांच्या गालात महिनाभर न भरलेली जखम आहे, तोंड दोन बोटांएवढंही उघडत नाही, आणि तू औरंगपुऱ्यात केराटिनची तपासणी करणारी लॅब शोधतेस? बस जरा इथं.

मोबाइलवर वाचलंस ते खोटं नाही. केराटिन म्हणजे पेशीला ताठ ठेवणारी प्रथिनं, घराच्या वाशांसारखी. त्यातली ८ आणि १८ क्रमांकाची आतड्यात, यकृतात असतात. तोंडाच्या निरोगी अस्तरात ती सहसा नसतातच. कॅन्सर झाला की तिथं अनेकदा उगवतात. आपल्याच खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मधल्या संशोधकांनी तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींमधलं त्यांचं प्रमाण घटवलं, तेव्हा त्या पेशींचा जोर ओसरला. ते २०११ साली छापून आलं. त्याआधी, २००६ मध्ये, जर्मनीतल्या डॉक्टरांना दिसलं होतं, की ज्यांच्या गाठीत ही प्रथिनं सापडली त्यांचं पुढचं आयुष्य कमी भरलं. वाचून माझ्याही पोटात गोळा आला.

पण बाई, तुझ्या ह्यांचं पुढं काय, हे आज डॉक्टर या प्रथिनांवरून ठरवत नाहीत. गाठ किती मोठी, किती मिलिमीटर खोल शिरली, मानेतल्या लसीका-गाठींपर्यंत पोचली का, हे ते बघतात. मानेचं तर फारच महत्त्वाचं. टाटा हॉस्पिटलच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूनं २०१५ मध्ये दाखवलं: आजार लवकरच्या टप्प्यात असताना तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेच्या गाठी काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, मानेत आजार दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के. थांबण्याची किंमत एवढी असते गं.

म्हणून उद्याच आमखास मैदानाजवळच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात जा आणि कॅन्सर आहे का ते कळायला जखमेचा छोटा तुकडा तपासणीसाठी काढू दे. औरंगपुऱ्यातून रिक्षानं कितीसं लांब? मी येते सोबत. गुटखा किती वर्षं खाल्ला ते खरं सांगायला लाव; २०१२ पासून बंदी आहे म्हणून ओशाळून लपवतील. सुपारीही सांगायची, तिच्यानंही कॅन्सर होतो. जखमेवर मलम, हळद काही लावत बसू नका. तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरतो असं सासूबाई म्हणतील, तर त्यांना मी समजावते.

तुकड्याचा रिपोर्ट आला की तो तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड्स जपून ठेवायच्या. पुढं एखादं प्रथिन तपासायची वेळ आली, तर डॉक्टर सहसा त्याच ब्लॉकमधून तपासतात.