सोसल्यानं मुलगा टणक होतो का?

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. अहिराणी बोलतो म्हणून वर्गातली मुलं रोज चिडवतात, डबा लपवतात. सासरे म्हणतात, सोसू दे, टणक होईल. खरं का? – एक आई, धुळे

उत्तर : नाही, ताई. छळानं बळ येत नाही. त्या वेळी कुणी पाठीशी उभं राहिलं, तर येतं. जळगावच्या डॉ. पायल तडवींचंच पाहा. त्या मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी आयुष्य संपवलं. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे. आदिवासी घरातून तिथवर पोचलेल्या मुलीला कमकुवत कोण म्हणेल? तुमच्या मुलाला आधी विचारा, मधल्या सुट्टीत तो कुठे बसतो, कुणासोबत जेवतो. मग वर्गशिक्षकांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. गरज पडली तर मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहेच. शाळेत जाताना आजोबांनाही सोबत न्या.