हार्ड डिस्कसाठी पेटी निवडताना

लॅपटॉप बंद पडला म्हणजे त्यातील सर्व काही गेले, अशा समजुतीने अनेक जण तो भंगारात देऊन टाकतात. वस्तुतः बिघाड पुष्कळदा मदरबोर्डात किंवा पडद्यात असतो. आयकर विवरणपत्रे, गृहकर्जाच्या कागदपत्रांच्या स्कॅन प्रती आणि घरातील छायाचित्रे सांभाळणारी हार्ड डिस्क शाबूत असते. ती योग्य पेटीत, म्हणजे एन्क्लोजरमध्ये बसविली, की यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडता येते. भंगारात गेलेली डिस्क परक्याच्या हातीही तितक्याच सहज उघडू शकते, याचा मात्र सहसा विचार होत नाही.

खरेदीपूर्वी डिस्क काढून नीट पाहावी. लॅपटॉपची डिस्क २.५ इंची, तर टेबलावरील संगणकाची बहुधा ३.५ इंची असते. जोडणीच्या जागी सुयांच्या दोन रांगा असल्यास ती जुन्या आयडीई पद्धतीची, चपट्या पट्ट्या असल्यास साटा पद्धतीची. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये एम.२ ही लहान पट्टी आढळते. तिचे साटा आणि एनव्हीएमई हे दोन प्रकार दिसायला सारखेच असल्याने लेबल वाचूनच पेटी घ्यावी. काही लॅपटॉपमध्ये साठवण मदरबोर्डवरच डाखलेली असते. तेथे पेटीचा उपयोग नाही.

खरी गफलत होते ती विजेच्या बाबतीत. ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणून तिच्या पेटीसोबत स्वतंत्र अॅडॉप्टर हवाच. दुसऱ्या उपकरणाचा अॅडॉप्टर केवळ पिन बसते म्हणून लावू नये. २.५ इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते. परंतु यूएसबी २.० मधून ५०० मिलिअँपिअर आणि ३.० मधून ९०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळण्याची हमी असते, आणि फिरायला सुरुवात करताना काही डिस्क त्याहून अधिक मागतात. मग टकटक आवाज येतो, डिस्क दिसते आणि नाहीशी होते. तिला मृत ठरविण्यापूर्वी हब टाळून, आखूड केबलने संगणकाच्या मागील पोर्टला थेट जोडून पाहावे. वेगासाठी यूएसबी ३.० पुरेसे आहे. जुन्या फिरत्या डिस्कसाठी त्याहून महागडी पेटी घेण्यात अर्थ नाही.

जोडल्यावर ‘फॉरमॅट करावे काय?’ असा प्रश्न पडद्यावर आल्यास ‘रद्द करा’ हेच उत्तर द्यावे. डिस्क अन्य संगणक प्रणालीची असली, तरी हा प्रश्न येऊ शकतो. बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कसाठी पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की लागते. डिस्क उघडताच प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे घ्यावी, चाळणे-निवडणे नंतर. काम संपल्यावर ‘सेफली रिमूव्ह’ची सूचना देऊन, चकती थांबल्यावरच केबल काढावी.