मोटारींतील तेलाची उष्णता व हवेचा दाब दाखविणारीं मापकें

शेतमाल बाजारांत नेण्यासाठीं आज पुष्कळ बागायतदारांच्या दारीं स्वतःची डिझेल पिकअप किंवा जीप उभी असते, आणि तिच्या इंजिनास बहुधा टर्बो जोडलेला असतो. बैलास दम लागला तर त्याच्या तोंडास फेंस येतो व धन्यास तें लांबूनहि दिसतें. इंजिनाचा दम मात्र दिसत नाहीं. चालकापुढें पाण्याच्या उष्णतेचा एक कांटा व तेलाच्या दाबाचा एक लाल दिवा एवढीच काय ती साक्ष. पैकीं दिवा लागतो तो दाब अगदीं खालीं गेल्यावर. आणि अलीकडील पुष्कळ गाड्यांत पाण्याचा कांटा मुद्दामच असा ठेविलेला असतो कीं, पाणी बऱ्याच अंशांनीं वरखालीं झालें तरी तो मध्यावरून हालूं नये. घेणाऱ्यास उगीच धास्ती वाटूं नये हा त्यांतील हेतु. पण त्यामुळें खरी धास्ती कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ह्यावर उपाय म्हणून दोन मापकें मागाहून बसवितां येतात: एक इंजिनांतील तेलाच्या उष्णतेचें व दुसरें टर्बोनें कोंडलेल्या हवेच्या दाबाचें.

प्रथम टर्बोविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरानें एक चाक फिरतें. त्याच आंसाच्या दुसऱ्या टोंकास असलेलें चाक बाहेरची हवा ओढून इंजिनांत कोंडतें. हवा अधिक म्हणून डिझेल अधिक जाळतां येतें व लहान इंजिनाकडून मोठें काम होतें. आल्फ्रेड ब्यूखी नांवाच्या स्विस इंजिनियरानें 1905 सालीं ह्या कल्पनेचें पेटंट घेतलें. लहान गाड्यांतील हा आंस मिनिटास एक लाखाहूनहि अधिक फेरे घेतो, आणि तो तेलाच्या पातळ थरावर जणूं तरंगत असतो. तेल नासलें कीं टर्बोचें आयुष्य सरलें म्हणून समजावें.

भरल्या गाडीचें इंजिन नीट तापल्यावर तेल साधारणतः 90 ते 110 अंश सेल्सिअस ह्या मर्यादेंत असतें. कांटा 120 वर गेल्यास लक्ष ठेवावें. 130 च्या पुढें गेल्यास पायाचा जोर कमी करून खालच्या गियरमध्यें सावकाश चढावें, आणि तरीहि कांटा उतरला नाहीं तर सोईची जागा पाहून थांबावें. तेलाच्या डब्यावर 15 डब्ल्यू 40 असे आंकडे असतात. त्यांतील 40 हा आंकडा 100 अंशांवरील दाटपणाची प्रत दाखवितो. त्यापुढें तेल पातळ होत जातें व त्याचा दाबहि उतरतो. शिवाय दर 10 अंशांच्या वाढीमागें तेल बिघडण्याचा वेग अदमासें दुप्पट होतो असा ठोकताळा आहे. पहांटे बाजारास निघणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पाण्याचा कांटा थोड्याच वेळांत मध्यावर येतो, पण तेल त्याच्या बरेंच मागें असतें. तें 70 अंशांच्या आसपास येईपर्यंत गाडी रेटूं नये.

आतां हवेच्या दाबाविषयीं. समुद्रसपाटीस वातावरणाचा दाब सुमारें 1 बार, म्हणजे दर चौरस इंचास साडेचौदा पौंडांच्या जवळपास असतो. मापकावर दिसतो तो ह्याच्यावरचा जादा दाब. पेट्रोलच्या इंजिनांत हवेच्या वाटेवर पडदा असल्यामुळें तेथें शोष उत्पन्न होतो व मापकास शून्याखालील भागहि लागतो. डिझेलास त्याचें फारसें काम नाहीं, 0 ते 2 बारचें मापक पुरे. दाब अमुकच असावा असा एकच आंकडा सर्वांस सांगतां येत नाहीं. गाडी निरोगी असतां भरल्या चढणीस आपल्या मापकानें काय दाखविलें तोच आपला आंकडा.

ह्या मापकाची किंमत मला कशी कळली तें सांगतों. चिपळुणाहून जांभ्याचे चिरे भरून कुंभार्लीचा घाट चढतांना माझ्या गाडीचा जोर एकाएकीं ओसरला व मागें काळा धूर सुटला. एका कारखान्यांत टर्बो गेल्याचें सांगून नवा घालण्यास जी रक्कम मागितली, ती माझ्या त्या हंगामाच्या सोयाबीनच्या पट्टीएवढी होती. होकार देण्यापूर्वीं गांवच्या म्हाताऱ्या मिस्त्रीस दाखविलें. त्यानें इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीवर खालच्या अंगानें बोट फिरविलें, तों तेथें बोटभर चीर निघाली. दाब आल्यावर ती उघडे व एरवीं मिटून राही. नळी बदलली, टर्बो अजून तोच आहे. मापक त्या वेळीं असतें तर कांटा पूर्वीपेक्षां खालींच अडतो हें मला आधींच दिसलें असतें. दाब कमी दिसल्यास नळ्या, त्यांच्या क्लिपा व हवेचा फिल्टर पहावा. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर फिल्टरच बहुधा अपराधी असतो. दाब नेहमींपेक्षां फार वर गेला तर जादा धूर बाहेर सोडणारी टर्बोची झडप अडकली असेल किंवा तिची बारीक नळी निसटली असेल. अशा वेळीं पाय तत्काळ सैल करावा.

दाबाचें मापक यांत्रिक घेतलें तरी चालतें. त्यांतील वांकडी पोकळ नळी दाबानें सरळ होऊं पाहते व कांटा फिरविते. फ्रान्समधील यूजेन बूर्दों ह्यानें 1849 सालीं काढलेली ही युक्ति अद्याप चालू आहे. बैठकींत येते ती केवळ हवेची नळी, ती निसटली तरी अपाय नाहीं. तेलाच्या दाबाचें यांत्रिक मापक मात्र घेऊं नये. त्याच्या नळीनें कढत तेल चालकाच्या पायांपर्यंत येतें. तेलाच्या उष्णतेसाठीं विजेचें मापक व सेन्सर हीच सोय बरी.

सेन्सर कोठें बसवावा ह्याविषयीं दोन मतें आहेत. कोणी तो ऑईल चेंबरच्या ड्रेन प्लगच्या जागीं बसवितात. काम सोपें खरें, पण तेथें वारा लागून आंकडा कमी येतो, आणि शेतांत गाडी घालणाऱ्यांच्या बांधाधोंड्यांना तोच आधीं लागतो. माझें मत ऑईल फिल्टर व इंजिन यांच्या मध्यें बसणाऱ्या चकतीस आहे. तिला सँडविच प्लेट म्हणतात. ती घेतांना आपल्या फिल्टरचे आटे कोणते हें पाहून घ्यावें, आणि बसवितांना जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनास चिकटून राहिली नाहीं ना, हें बोट फिरवून तपासावें. कडीवर कडी बसली तर तेल फवाऱ्यासारखें बाहेर येतें व इंजिन थोड्याच वेळांत कोरडें पडतें.

आट्यांची गोष्ट सर्वांत नाजूक आहे. पुष्कळ सेन्सर 1/8 एन.पी.टी. मापाचे असतात, त्यांस इंचांत 27 आटे असून ते निमुळते असतात. दुसरें माप 10 मिलिमीटरचें, आट्यांतील अंतर 1 मिलिमीटर. दोन्ही दिसण्यांत जुळीं भावंडें, एकांत दुसरें दोनतीन फेरे जातेंहि, मग अडतें. तेथें थांबावें. एका ठिकाणीं माझ्यासमक्ष पान्यास नळी लावून जोर करण्यांत आला. अल्युमिनियमची नवी चकती फुकट गेली.

तारांचें काम त्या मानानें सोपें. वीज चावीनंतर चालू होणाऱ्या तारेवरून, 3 ते 5 अँपिअरचा फ्यूज घालून घ्यावी. एका तारेच्या सेन्सरचा परतीचा मार्ग त्याच्या आट्यांतूनच असतो, म्हणून त्यांवर पांढरी टेप भरमसाट गुंडाळूं नये. असा सेन्सर तापेल तसा त्याचा विरोध कमी होतो. त्यामुळें तार तुटल्यास कांटा थंडीच्या बाजूस पडून राहतो, व तार गाडीच्या अंगास टेकल्यास एकदम शेवटच्या टोंकास जातो. बसविण्यापूर्वीं सेन्सरच्या अंगास तार गुंडाळून ती बॅटरीच्या ऋण टोंकास जोडावी व त्याचें पितळी टोंक उकळत्या पाण्यांत धरावें. चिपळुणास कांटा 100 च्या जवळ यावा. पुण्याच्या उंचीवर पाणी 98 अंशांच्या सुमारास उकळतें, महाबळेश्वरीं 95-96 वरच. हा फरक मापकाचा दोष समजूं नये.

हवेची नळी इंटरकूलरच्या पुढें, इंजिनांत हवा शिरते तेथील एखाद्या बारीक नळीस टी-जोड लावून घ्यावी. झडपेच्या नळीस हात लावूं नये; तेथील गळतीनें दाब बेताल वाढतो. जोडास जागा नसेल तर हवेचा पाईप उतरवून बाहेर भोंक पाडावें. जागच्या जागीं ड्रिल चालविल्यास कीस इंजिनांत जातो. नळी टर्बोपासून दूर न्यावी व पत्र्यांतून आंत घेतांना रबरी ग्रोमेट घालावें. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत निदानाच्या सॉकेटास लहानसें यंत्र लावून दाबाचा आंकडा न कापतां वाचतां येतो, परंतु तेलाची उष्णता सर्वच गाड्या सांगत नाहींत. हमीची मुदत चालू असल्यास विक्रेत्याकडून आधीं लेखी विचारून घ्यावें.

मापकें बसल्यावर एक वही गाडींत ठेवावी. कचेरींत जन्मभर रकाने भरल्यामुळें मला त्याची हौस आहे असें घरचे म्हणतात, तें असो. तारीख, ओझें, चढण, तेलाची उष्णता व हवेचा दाब हे पांच रकाने पुरेत. तेल किंवा फिल्टर बदलला तोहि दिवस लिहावा. माझ्या वहींत कुंभार्लीच्या चढणीस, भरल्या गाडीनें, तेल 112 अंश व हवा 0.9 बार असे आंकडे बहुधा आढळतात. माथ्यावर पोहोंचल्यावर इंजिन दोन मिनिटें मंद चालूं ठेवून मगच चावी काढतों, म्हणजे टर्बोच्या तापलेल्या आंसावरील तेल तेथेंच करपत नाहीं.